आटलेले कपडे

गल्लीत लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात वर्षानुवर्षं तिने शर्टाच्या बाजूची शिवण मारली. कॉलर दुसरीने लावायची, बटणं तिसरीने. एक दिवस सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "तुला अख्खा शर्ट शिवता येतो का तरी?" वहिनीने आपली कात्री पिशवीत टाकली आणि चालू लागली. मागून तो ओरडला, "महिनाभर खुर्ची रिकामी ठेवतो. येशील झक मारत."

घरी पुढच्या खोलीत तिने मशीन मांडलं आणि मिळेल ते काम घेतलं. पडदे, दप्तराच्या चेन, उशांचे अभ्रे. एकाने तर छत्री आणून दिली. दर कामाला दोरा वेगळा, सुई वेगळी. दिवसभर राबून हाती काय, तर छत्री. तीही गळकी.

धाकटा दीर एक दिवसाचं उद्योजक शिबिर करून आला होता. तेव्हापासून त्याने दुसऱ्याचं ऐकणं बंद केलं होतं.

"वहिनी, सगळं करणाऱ्याकडे कुणी फिरकत नाही. एकच काम धरा."

"कुठलं, भावोजी?"

"ते दुसऱ्या दिवशी सांगणार होते. त्याची फी वेगळी होती."

वहिनीने मग कामाचा ढीगच उपसला. निम्मे कपडे सैल करायला आलेले. हे तर तिच्या हातातलं काम! बाजू उसवायची, शिवणीच्या आत राखलेली माया सोडायची, ती कमी पडली तर खालच्या दुमडीतलं कापड काढून पट्टी जोडायची. जोड कुठे आहे ते घालणाऱ्यालाही कळायचं नाही.

दिराने पेंटर गाठला आणि लांबून दिसेल असा लालभडक बोर्ड लावला: 'येथे कपडे सैल करून मिळतील.'

लांबून दिसला, तिथेच घोडं अडलं. लोक लांबूनच वळायला लागले. आधी टाकलेले कपडे न्यायलाही कुणी येईना. समोरचा बँकेतला कॅशियर घरासमोरून विजेच्या तारा निरखत जाई.

"दाराला बोर्ड लावलाय की वजनकाटा?" नवऱ्याने विचारलं.

"शिवाय पाय न वाजवता निघून जातात मेले," सासूबाई म्हणाल्या. "माझी दुपारची करमणूक गेली."

महिना सरत आला. सोमवारी कारखान्यात जाऊन वहिनीला मान खाली घालावी लागणार होती. अशात एका दुपारी स्वयंपाकघराचं मागचं दार वाजलं. बाहेर कॅशियर, काखेत पँट.

"मिसेसने गरम पाण्यात टाकली हो. आटली."

पँट टेरिकॉटची. टेरिकॉट उकळलं तरी आटत नाही, हे वहिनीला चांगलं ठाऊक होतं. तिने पँट उलटसुलट पाहिली.

"हल्ली कापडच तसलं येतं," ती म्हणाली.

कॅशियरचा जीव भांड्यात पडला. "माझ्या साडूचे तर कपाटभर आटलेत," तो म्हणाला.

संध्याकाळच्या आत वहिनीने पेंटरला परत बोलावलं. नवा बोर्ड लागला: 'आटलेले कपडे पूर्ववत करून मिळतील.'

"अहो वहिनी, पण हे खोटं आहे!" दीर हबकला.

"मग दारात खुर्ची टाकून बसा, भावोजी, आणि एकेकाला खरं सांगा."

दीर बसला नाही. लोक मात्र पुढच्या दाराने, साबणाला शिव्या घालत, ताठ मानेने आत यायला लागले. वहिनी मापाचा आकडा मोठ्याने उच्चारत नसे. सासूबाई प्रत्येकाला कोणता साबण ते विचारत आणि हळहळत.

शनिवारी सुपरवायझर आला. खोलीत चार गिऱ्हाइकं बसलेली.

"सोमवारपासून येतेस ना? खुर्ची किती दिवस अडवून ठेवू?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. पोटावरचं बटण शेवटच्या दोऱ्यावर तग धरून होतं.

"साहेब, शर्ट आटलाय तुमचा."

सुपरवायझरने खाली पाहिलं. मग बसलेल्या चौघांकडे. चौघंही समजूतदारपणे पंख्याकडे बघत होते.

"बायकोने साबण बदलला," तो म्हणाला.

"कोणता घेतला हो?" सासूबाईंनी विचारलं.

"काढा शर्ट," वहिनी म्हणाली. "या चौघांचं झालं की घेते."

सुपरवायझर बनियनवर, पाचव्या नंबरला बसला. त्याची पाळी आली तेव्हा चहा दोनदा होऊन गेला होता. शर्ट अंगात चढवून त्याने सगळी बटणं लावली आणि भीतभीत श्वास सोडला. सगळी जागेवर राहिली.

"मग त्या खुर्चीचं काय करू?"

"द्या कुणाला तरी," वहिनी म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची पँट उसवायला घेतली.