मूठभर पिठाची खळ

नातीने शाळेच्या तक्त्यासाठी खळ शिजवली, घरभर तो कच्चट, ओल्या पिठाचा वास पसरला आणि मला घाटकोपरच्या टेकडीवरची वस्ती आठवली. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं, रेशनवर लाल मिलो ज्वारी, तीही वेळेवर मिळायची नाही. आम्ही कॉलेजची पोरंपोरी वस्तीचा मोर्चा रेशन ऑफिसवर नेणार होतो. पोस्टर चिकटवायला खळ हवी, म्हणून घराघरातून मूठभर पीठ मागितलं. लोकांचा हात लागला की मोर्चा त्यांचा होतो, असं आमचा पुढारी मित्र म्हणायचा. एका म्हातारीने तर डबा आडवा करून दिलं. संध्याकाळी भिंतीभिंतीवर ‘धान्य द्या’ चिकटवून आम्ही खुशीत घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर भिंती उघड्या. वस्तीतल्या शेळ्यांनी खळीसकट कागद ओरबाडून खाल्ले होते. एक तर आमच्यासमोरच शेवटचा तुकडा चघळत होती. “वाट लागली यार,” म्हणत मित्र मटकन दगडावर बसला. कुणालाच हसू आलं नाही. तेवढ्यात ती म्हातारी दारात आली, भिंतीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. “आणखी पीठ लागंल ना रं पोरांनो?” आम्ही नको म्हणेपर्यंत ती आत गेलीसुद्धा. मग डब्याचा तळ वाटीने खरवडल्याचा आवाज येत राहिला आणि आम्ही सगळे बाहेर नुसते उभे. आता नात विचारतेय, “आजी, उरलेली खळ ओतून देऊ?” मी तिच्या हातातलं पातेलं काढून घेते.