बंदूक पोलिसांकडे, पिशवी माझ्याकडे

तिकीट आलं त्या दिवशी मी पहिलं काम केलं ते बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याचं.

हवालदार ओळखीचे. म्हणाले, "चाचा, इलेक्शन नाही, काही नाही, आज कशी काय आणलीत?"

"लेकीकडे दुबईला चाललोय. घर बंद राहणार. चोराने नेली तर परवाना माझ्या नावावर आहे."

"ठासणीची बंदूक कोण चोरणार, चाचा?" ते हसले. मला हसू आलं नाही.

आमचं गाव दापोलीकडे. परवाना शेतीसंरक्षणाचा. वानरं आणि डुकरं यांच्यासाठी. माझी बंदूक बागेतच वापरायची. धाकटा भाऊ कारवारला असतो, त्याच्याकडेही डुकरं आहेत, पण तिकडे न्यायची तर राज्य बदलतं, कागद बदलतात. हौस म्हणूनही कधी नेली नाही. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, कायद्याची भीती जरा जास्तच वाटते.

दुबईत उतरलो. बॅगा आल्या. कोणी काही विचारलं नाही. शाहीन, माझी मुलगी, ऊद मेथाला राहते. नात झोया तिथेच जवळ शाळेत जाते. मी मराठीत विचारतो, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते. दोघांनाही बरंच कळतं.

पण मी पोचलो तेव्हा घरात खोकी भरून ठेवलेली. जावई इम्तियाज जुमेरा लेक टॉवर्समध्ये ज्या ऑफिसात होता ते बंद झालं. नवी नोकरी ओमानमध्ये, सोहारला. रविवारी हजर व्हायचं होतं. आधी घर बघून यायचं म्हणून शुक्रवारी सगळ्यांनी गाडीनेच जायचं ठरलं.

"बॉर्डर गाडीने ओलांडायची?" मी विचारलं. "आणि नाही सोडलं तर?"

"मामू, रोज हजार लोक जातात," इम्तियाज म्हणाला. माझा जावई कमी बोलतो, पण बोलला की थोडं बरं वाटतं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. गाडीच्या विम्यात ओमान लिहून घ्या, नाहीतर नाक्यावर वेगळा काढावा लागतो. बाहेर पडताना माणशी छत्तीस दिरहम गेले, म्हणजे आपले आठशेच्या वर. मी लगेच मोठ्याने हिशोब केला तशी झोया म्हणाली, "नाना, स्टॉप कन्व्हर्टिंग!" मदाम गावावरून जाणारा जुना रस्ता मध्येच ओमानच्या हद्दीतून जातो, तिथून आपल्यासारख्यांना सोडत नाहीत. वळसा घालून हत्ताला जावं लागतं. पण वळसा वाया जात नाही. लाल वाळू संपते आणि एकदम काळेकुट्ट डोंगर उभे राहतात, झाड नाही, गवत नाही. असे डोंगर मी जन्मात पाहिले नव्हते. मनात आलं, इथे वानरं काय खात असतील? वानरंच नाहीत म्हणे. वाटेत एका टपरीवर करक चहा आणि अंड्याचा पराठा घेतला. पराठा एकट्याने संपत नाही, दोघांत एक सांगा.

हत्ताच्या नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला सांगितली. नेहमीचंच असतं, इम्तियाज म्हणाला. एक पोलीस कुत्रा घेऊन आला. गाडीभोवती फिरला, डिकी उघडायला लावली. कुत्र्याने खोकी हुंगली, सोडली. मग माझ्या पिशवीपाशी आला आणि खाली बसला. भुंकला नाही, काही नाही. नुसता बसला.

पोलिसाचा चेहरा बदलला. तेव्हाच मला कळलं, बसणं म्हणजे वास लागला.

पिशवी शिडाच्या कापडाची. माझ्या बायकोने शिवलेली, ती जाऊन बरीच वर्षं झाली. बंदूक खांद्यावर घेऊन बागेत जाताना दारू, छर्रे, बार पेटवायच्या टोप्या, सगळं मी त्याच पिशवीत नेतो. निघताना रिकामी केली, झटकली, शाहीनसाठी कोकम भरलं आणि बॅगेत टाकली; सोहारला निघताना ती कोकमासकट तशीच डिकीत आली. बंदूक जमा केली म्हणजे सगळं जमा झालं, असं मी धरून चाललो होतो.

"ये बैग किसका है?" अधिकाऱ्याने विचारलं. तरुण होता, हिंदी चांगली बोलत होता.

"मेरा," इम्तियाज म्हणाला.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. ज्याची नोकरी, ज्याचा नवा व्हिसा, तोच म्हणतोय माझी. मी पुढे झालो.

"नहीं साहब. मेरा है. ये मेरा दामाद है, इसको कुछ मालूम नहीं."

"मामू, तुम्ही गप्प बसा."

"तू गप्प बस. तुला परवा कामावर जायचंय."

पिशवी टेबलावर उलटी केली. कोकमाची सालं पडली. शिवणीत बोट घातल्यावर तीन बारीक छर्रे निघाले. मिरीएवढे.

"बाबा, बंदूक है?"

"है साहब. गांव में. पुलिस के पास जमा है."

"किसको मारते हो?"

"मारता नहीं साहब, आवाज करता हूं. बंदर आम खाता है."

त्याने शेजारच्याला अरबीत काहीतरी सांगितलं. दोघेही हसू दाबत होते. मग आमचे सगळ्यांचे पासपोर्ट आत गेले आणि हसणं बंद झालं. शाहीन खुर्चीवर बसून दुवा पुटपुटत होती. झोयाने माझा हात धरला. "नाना, ब्रीद," ती म्हणाली. मी विचार करत होतो, या पोरीची शाळा, घर, सगळं माझ्या तीन छर्र्यांवर अडकलंय.

बराच वेळ फोन झाले. शेवटी अधिकारी बाहेर आला. पासपोर्ट इम्तियाजच्या हातात दिले, शिक्के मारलेले.

"बाबा, मेरे दादा के पास भी पहाड में बंदूक थी. उस वक्त चलता था. अब छर्रा भी मना है, खाली टोपी भी मना है. यहां भी, ओमान में भी. आप जाओ. बैग खलास."

"अब्बा, अम्मीने शिवलेली," शाहीन हळूच म्हणाली.

"अम्मी असती तर तिनेच आधी टाकायला लावली असती." कोकम प्लास्टिकच्या पिशवीत भरलं आणि मी ती पिशवी स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवली.

गाडीत बसल्यावर मी इम्तियाजला विचारलं, "माझी का म्हणालास?"

"तुम्ही घाबरला होतात."

"आणि तू?"

"मी पण." मग गाडी सुरू करत म्हणाला, "यल्ला, चला मामू. पट्टा लावा."

सोहारचं घर समुद्राजवळ आहे, खाली मासळीवाला. रविवारी तो कामावर हजर झाला.

तुम्ही जाणार असाल आणि घरी परवान्याची बंदूक असेल, तर एवढं ऐका. नुसती बंदूक ठेवून निघू नका. तिच्याबरोबर वापरलेली पिशवी, जाकीट, पट्टा, सगळं घरी ठेवा. धुतलं तरी नेऊ नका.

गावी आलो, बंदूक सोडवून आणली. पुढल्याच महिन्यात गावातल्या एकाबरोबर शाहीनने नवी पिशवी पाठवली, सोहारच्या घराच्या पडद्यातून उरलेल्या कापडाची. बंदूक पडवीत असते, म्हणून ही पिशवी आतल्या खोलीत टांगली आहे. तिच्यात मी अजून काही घातलेलं नाही.

परवा शेजारचं कुत्रं दारात आलं तेव्हा मुद्दाम ती पिशवी खाली काढून त्याच्यापुढे धरली. त्याला कोणी काही शिकवलेलं नाही, हे मलाही कळतं. त्याने हुंगली, शेपटी हलवली आणि निघून गेलं. बसलं नाही.

मी त्याला परत बोलावून भाकरी घातली.