वाळू म्हणा, बाबा

"एकच शब्द बदलायचाय. एक! कुठं घोडं अडलंय तुझं?"

"हळू बोला, बाबा. ऑफिस आहे हे."

"असू दे की! बापाच्या भट्टीवर पाणी सोडायला निघालीस, ते काय चोरून निघालीस?"

पलीकडच्या टेबलावरच्या नकाशावाल्याने घाईघाईने कानात हेडफोन कोंबले. गाणं काही लावलं नाही.

पावसाळी निचरा विभागात तिला सगळे गटारताई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर. आता तर तीच फोन उचलून म्हणे, "हं, गटारताई बोलतेय." तिच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं. त्यात गल्लीचा उतार, माती, मोकळी जागा भरायची. खर्चाला किती महत्त्व, देखभालीला किती, हिरवाईला किती, ते पट्ट्या सरकवून सांगायचं. की पावसाचं पाणी जिरवायचे, थोपवायचे उपाय गुणांप्रमाणे ओळीनं उभे राहत : शोषखड्डे, झिरपणारी फरशी, रस्त्याकडेची बाग, साठवण तळं. "मी जोड्या जुळवते," ती म्हणायची, "गल्लीला शोभेल असं स्थळ काढून देते." हे सॉफ्टवेअर तिनंच साहेबांच्या गळी उतरवलं होतं. त्याआधी बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या दारात मोठा पाइप, आणि पाणी ज्यांना आवाज नाही त्यांच्या घरात. मशीन निदान कुणाचा आवाज ऐकत नाही, हे तिला फार आवडायचं.

मग तिच्याच गल्लीची पाळी आली.

गल्ली सखल, आणि गल्लीच्या टोकाला बाबांचं आवार : कुंड्या, कौलं, चाक, भट्टी. जोराचा पाऊस झाला की गल्लीतल्या तळमजल्यांत पाणी शिरे. मागच्या खेपेला गुडघ्यांनी अधू असलेली आत्या जेवणाच्या टेबलावर चढून बसली होती. शेजाऱ्यांनी उचलून काढली. मशीननं उत्तर दिलं : साठवण तळं, भट्टीच्या आवारात. गटारताईनं खर्चाची पट्टी वर नेली, खाली आणली, हिरवाई शून्यावर टाकली. तळं हट्टी पोरासारखं पुन्हा पहिल्या नंबरावर येऊन बसे. हले ते फक्त एका रकान्यानं. 'मातीचा प्रकार' मध्ये 'चिकण' च्या जागी 'वाळूसर' टाकलं, की शोषखड्डे टुणकन वर आणि भट्टी सहीसलामत.

आणि काल जेवताना, बाबांचा पडलेला चेहरा बघवेना म्हणून, हे तिच्या तोंडून निघून गेलं होतं.

"वाळूसर लिही," बाबा खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "माती काय तक्रार करायला येणारेय?"

"त्या मातीत पाणी मुरणारच नाही. खड्डे तुडुंब भरतील नि सगळं परत गल्लीत. आत्याच्या घरात."

"तिला माझ्या खोलीत आणतो."

"आणि बाकीच्यांना? भट्टीत रचणार?"

दोघांनाही हसू फुटलं. फुटलं तसं विझलं.

"टेकडीपलीकडं जागा देतायत ना तुम्हाला."

"मुरूम आहे तिथं नुसता! मुरमाच्या कुंड्या वळू? तुझी आई गेली तेव्हा मी कुठं बसलो होतो, सांग. चाकावर. तिथनं उठवलंस तर बसू कुठं मी?" त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर पसरले. "हात तेवढे चालतात गं अजून. बाकी काय उरलंय?"

 साहेबांनी दारातून डोकं आत घातलं. "ताई, दुपारच्या बैठकीला उपाय पक्का हवा. होतंय ना?"

"होतंय, साहेब."

डोकं गेलं. तिनं खणातून तपासणीसाठी आणलेल्या, भट्टीच्या आवारातल्या मातीची पिशवी काढली. शाळेत जायच्या आधीपासून तिला माती ओळखता यायची. बाबांनीच शिकवलेलं : भिजवायची, वळी करायची, बोटाभोवती गुंडाळायची, तडा गेला नाही तर चिकण. भट्टीसाठी ती जागा बघायला आले तेव्हा बाबांनी म्हणे आधी मूठभर माती उचलली आणि मग मालक कोण ते विचारलं.

पेल्यातलं पाणी शिंपडून तिनं ढेकूळ त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"तुम्ही म्हणा."

"काय म्हणू?"

"वाळू म्हणा, बाबा. एकदाच. तुमच्या तोंडानं. मी लिहिते, आत्ता, तुमच्यासमोर. नोकरी गेली तर गेली."

ती नाटक करत नव्हती. रकाना उघडा होता, बाण 'वाळूसर' वर होता आणि बोट माउसवर होतं.

बाबा तिच्याकडं बघत राहिले. पण बोटं त्यांना न विचारताच कामाला लागली. माती मळली गेली. वळी झाली, लांब, गुळगुळीत. तर्जनीभोवती तिचा वेढा बसला. बाबांनी बोट खिडकीच्या उजेडात धरलं, वळवून सगळीकडून पाहिलं. कुठंही तडा नव्हता.

"म्हणा ना, बाबा." आता गयावया ती करत होती. "खोटं तर खोटं. म्हणा ना हो."

नकाशावाल्यानं एक हेडफोन हळूच काढला.

बाबांनी खुर्ची मागं सरकवली, होती तिथं नीट लावली. वळी बोटावर तशीच अंगठीसारखी ठेवून ते उठले आणि दोन्ही टेबलांमधून, कुणाकडंही न बघता, दाराबाहेर निघून गेले.