शांघायच्या नदीकाठी बाबा

परवा पनवेलच्या खाडीकाठी भरावाचे डंपर रिकामे होत होते. ओल्या चिखलाच्या वासात डिझेलचा वास मिसळला आणि मला एकदम शांघाय आठवलं.

नोकरीनिमित्त मी तिथे होतो. जन्मभर आमच्या गावी, मोरा बंदरात मासेमारी केलेल्या बाबांना मी हौसेने आठवडाभर बोलावून घेतलं. त्या दिवशी नदीवर दाट धुकं होतं. पलीकडच्या उंच इमारतींची टोकं त्यात बुडाली होती आणि मालवाहू बोटी डिझेलचा धूर सोडत संथपणे पुढे सरकत होत्या. मी बाबांना एकेका इमारतीचे मजले सांगत होतो. ते मात्र कठड्यावरून खाली पाण्याकडे बघत होते.

"मासेमारीची एक पन होडी नाय रं," ते म्हणाले. "इथले कोली कुठं गेले?"

"बाबा, ते सोड. वर बघ, फोटो काढतो."

त्यांनी वर पाहिलं.

बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. किनारा असा भरावाखाली गेला की आमच्या मोऱ्याचे कोळी कुठे जातील, हेच ते तेव्हा विचारत होते, हे मला आत्ता कळतंय. शांघायमधल्या उरलेल्या चार दिवसांत मी त्यांना बागा, देवळं, बाजार सगळं हिंडवून दाखवलं. त्यांनी मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.