पाठ केलेला तक्ता

माझं पहिलं लायसन सांगलीच्या आरटीओत निघालं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. परीक्षा घ्यायला आलेले साहेब शेजारच्या सीटवर बसून "चला" म्हणाले आणि मी खाली उतरून गाडीभोवती फेरी मारायला लागले. टायर दाबून बघितले, बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसली, वाकून गाडीखाली कुठे थेंब पडलाय का तेही पाहिलं. साहेबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, गाडी चालवायचीय का दुरुस्त करायचीय?"

दोष माझा नव्हता. मला गाडी शिकवली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि त्यांनी उभी नोकरी फौजेत ड्रायव्हर म्हणून काढली होती. गाडी सुरू करण्याआधी तिची अशी तपासणी करायची, याला ते 'फर्स्ट परेड' म्हणत. त्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू देत नसत. पावसाळ्यात साखर कारखाना बंद झाला की ऊसगाड्यांचा तळ मोकळा पडायचा. तिथे ते विटा मांडून आठचा आकडा करायचे आणि मला त्यातून कुणाची तरी मागून आणलेली जीप रिव्हर्स काढायला लावायचे. वीट पडली की पुन्हा पहिल्यापासून. ओरडायचे नाहीत, नुसते उतरून वीट उभी करायचे, आणि तेच मला जास्त लागायचं. पलूसजवळच्या आमच्या गावात तेव्हा बाईमाणसाने स्कूटर चालवली तरी लोक वळून बघत. आबांना त्याचं काहीच वाटत नसे. ते दिवस आठवले की अजून मला डिझेलचा आणि ओल्या चिपाडांचा वास येतो.

पेन्शनीवर आल्यावर काही वर्षं त्यांनी महाबळेश्वरला सीझनची टॅक्सी चालवली. मग गावी परतले, एक जुनी व्हॅन घेतली आणि दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी गावातल्या चार माजी सैनिकांना सांगलीला गोळ्या-औषधं आणायला घेऊन जाऊ लागले. सगळे सत्तरीच्या पुढचे. आई गेल्यावर तर आबांचा अख्खा महिना त्या एका मंगळवारावर टांगलेला असायचा. रविवारपासूनच व्हॅन धुऊन-पुसून तयार.

गेल्या वर्षी आमच्या दोघांच्याही लायसनची मुदत एकदमच संपली. वय पुढे गेलं की नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, डोळे ठीक आहेत असा. मी सांगलीला राहते, शाळेत शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा पलूसच्या डॉक्टरांकडून माझा दाखला घेऊन आले. आबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"भितीवर आक्षरांचा तक्ता आसंल न्हवं तितं? तेवढा उतरवून आणतीस का?"

"कशाला आबा?"

"उगंच. तयारी नगं व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी खोकल्याचं निमित्त काढून दवाखान्यात गेले, मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढला आणि घरी येऊन सगळी इंग्रजी अक्षरं वहीच्या कागदांवर स्केचपेनने मोठीमोठी उतरवून दिली. पन्नाशीची बाई, रोज मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगणारी! पण दाखला मिळाला नाही तर हा माणूस अंगणात बसून करणार काय, याची मला भीती वाटत होती. चार दिवस आबा गोठ्यात शेण काढतानासुद्धा पुटपुटत होते. फौजेत मेडिकल आलं की सगळी बराक तक्ता पाठ करायची, हे त्यांनीच कधीतरी हसत सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना जमिनीवरच्या रेषेवर उभं केलं आणि एक डोळा झाकायला सांगितला. आबांनी छाती पुढे काढली आणि खड्या आवाजात सुरुवात केली. "ई. यफ, पी. टी, ओ, झेड." कुठे अडखळणं नाही, की थांबणं नाही. शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा धडाधड म्हणून टाकली. डॉक्टरांची पट्टी अजून पहिल्याच अक्षरावर होती.

मी तक्त्याकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसाला सोपं जावं म्हणून डॉक्टरांनी तक्ता उलटा करून टांगला होता. मागच्या बाजूला मराठी अक्षरं होती. वरच्या ओळीत वीतभर उंचीचा 'क' होता.

"आबा," डॉक्टर हळूच म्हणाले, "मराठी आहे हो हे."

मला हसूही आलं आणि रडूही. आबांचा हात डोळ्यावर तसाच राहिला. वरचं अक्षर त्यांनी वाचलं, दुसरी ओळ अंदाजाने मारली, तिसरीला गप्प झाले. डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू आधीच काढलेले होते. आता डोळ्याचा मागचा पडदाच झिजलाय, त्याला फारसा इलाज नाही, म्हणाले. त्यांनी दाखल्याचा कोरा फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. डॉक्टर आमच्याच भागातले, आबांना स्वतःच्या लहानपणापासून बघत आलेले.

"गावातल्या गावातच चालवणार असाल, तर..."

करा सही, करा, असं मी मनात म्हणत होते.

"नगा करू," आबाच म्हणाले. "माझ्या मागं मानसं बसत्यात."

परत येताना व्हॅन मी चालवली. अर्ध्या वाटेत विचारलं, कधीपासून दिसत नाही. "दोन वर्सं झाली आसतील," आबा म्हणाले. मी गाडी कडेला घेतली आणि जन्मात वडिलांना बोलले नव्हते तशी बोलले. दोन वर्षं! ती चार म्हातारी माणसं, मी, माझी मुलं, सगळे तुमच्या मागे निवांत डुलक्या काढत होतो, तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू मला कागदावर टपोरी आक्षरं काढून दिलीस," ते म्हणाले. "मग तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

मी गाडी सुरू केली.

पुढच्या महिन्यात पहिल्या मंगळवारी मी शाळेत रजा टाकून गावी आले. चौघे जण औषधांच्या पिशव्या घेऊन देवळापाशी उभे होते. आबा त्यांच्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले. हे बोलणं त्यांना किती जड जात होतं, ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून मला कळत होतं.

"आजपास्नं लेक चालवंल. मला रस्ता दिसत न्हाई. दोन वर्सं झाली, तुमाला सांगिटलं न्हाई. चुकलं माझं."

चौघांत एक सुभेदारकाका, आबांचे शाळेपासूनचे दोस्त. ते तंबाखू मळत होते.

"आरं गड्या, आमाला काय आज कळतंय व्हय? मी पुढं बसून दर येळंला 'म्हस आली, यष्टी आली, सायकलवाला आला' करत हुतो, ते काय गंमत म्हणून?"

बाकीचे तिघे खाली बघत होते. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. ठाऊक असूनही ही माणसं दर महिन्याला आबांच्या गाडीत चढत होती. मला भरून आलं, आणि रागही आला, आणि कुणाचा ते कळेना.

आबा व्हॅनकडे वळले. मागचं दार सरकवून आत जाऊन बसले. सुभेदारकाका सवयीने पुढच्या सीटकडे निघाले, तेव्हा आबांनी आपल्या शेजारची जागा हाताने झाडली.

"मागं ये रं," ते म्हणाले. "तिला दिसतंय."