भूतानचे पाहुणे आणि आमची टाकी

आमच्या घरात भूतान या देशाचं नाव काढायला बंदी आहे. सगळ्यांना नाही, फक्त मला. नेपाळ चालतं, श्रीलंका चालते, सणासुदीला चीनबद्दलही दोन वाक्यं बोलू देतात. पण मी 'भू' म्हटलं की सुमन, म्हणजे माझी बायको, हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघते, आणि मी ते वाक्य 'भूक लागली' असं पूर्ण करतो. (त्यामुळे माझं वजन वाढलं आहे.)

या बंदीमागची जी हकीकत आमच्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहे ती अशी: घरी परदेशी पाहुणे आले असताना सुमन पाण्याची मोटर लावायला विसरली आणि पाहुणीची अंघोळ अर्ध्यावर राहिली. ही हकीकत साफ खोटी आहे. ती मीच पसरवली. आता सत्तरी उलटली, दात गेले, गुडघे गेले, म्हटलं मनावरचं हे ओझंही जाऊ द्यावं. म्हणून खरं काय घडलं ते लिहितो.

मी वैजापूरच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. 'आपले शेजारी देश' हा धडा मी आयुष्यभर शिकवला, त्यातला एकही देश न बघता. (भूगोलाचे शिक्षक असेच असतात. समुद्राच्या लाटांवर आमचं प्रभुत्व, आणि पोहता येत नाही.) निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या शहरात आलो, लष्कराच्या छावणीच्या अलीकडे घर बांधलं. मग एका वर्षी मुलाने हौसेने आम्हा दोघांना भूतानच्या सहलीला धाडलं. तिथे आमचा गाईड होता दोर्जी. हसतमुख पोरगा, हिंदी माझ्यापेक्षा चांगली.

त्याने पहिल्याच दिवशी मला जेरीस आणलं. "अंकल, देखिए, यहाँ कोई हॉर्न नहीं बजाता. अंकल, देखिए, आदमी को देखके गाड़ी रुक जाती है. अंकल, हमारे यहाँ सरकार लोगों की खुशी नापती है!" डोंगर हिरवे, नद्या निळ्या, रस्ते असे की कागद टाकायची आपल्यालाच लाज वाटावी. भूगोलाच्या शिक्षकासमोर त्याचाच भारत धडाधड हरत होता. शेवटी जेवताना माझ्यातला देशभक्त उसळला.

"दोर्जी, वो सब ठीक है. लेकिन हमारे शहर में पानी देखो! चौबीस घंटे! नल खोलो, पानी!"

सुमनला ठसका लागला. तिथे मिरचीचीच भाजी करतात, चीजमध्ये बुडवलेली, त्यामुळे दोर्जीला वाटलं मिरचीच लागली. सुमन माझ्या कानाशी आली.

"आपल्याकडं? चोवीस तास?"

"गप बस. देशाच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

निघताना मी दोर्जीला मिठी मारली आणि म्हटलं, "कभी अजंता देखने आओ, तो सीधा घर आना." आता आपल्याकडे 'या एकदा घरी' याचा अर्थ 'बरं, निघतो' असा होतो. हे त्या भाबड्या देशाला माहीत नव्हतं.

परत आलो आणि माझी फिरकी उलटी फिरली. तिथे मी भारताची इज्जत राखत होतो, इथे भूतानची राखू लागलो. 'तिथे कुणी कुणाचं मन दुखवत नाही' हे तर मी सुमनला रोज ऐकवायचो. शेजारच्या हमीदभाईंना गाडी दारात आणली की हॉर्न वाजवायची सवय. त्यांना मी अडवलं. "हमीदभाई, भूतान में कोई हॉर्न नहीं बजाता."

"अच्छा? फिर घरवाली को कैसा मालूम पड़ता सर, की आदमी आया, चाय रखो?"



समोरच्या वाघमारेताई निवृत्त नर्स. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "सर, तिथं नळाला पाणी किती दिवसांनी येतं?"

"दिवसांनी? ताई, तिथे नद्या रस्त्याच्या कडेने वाहतात!"

ताई म्हणाल्या, "कडेनं वाहून उपेग काय, टाकीत आली का?"

एकदा तर मी बाजारातून येताना एका म्हाताऱ्या गृहस्थांना रस्ता ओलांडता यावा म्हणून गाडी थांबवली. ते ओलांडेनात. मी हाताने 'या, या' केलं. ते खिडकीशी आले. "काय झालं सर? बंद पडली व्हय?" मी म्हटलं, "नाही हो, तुम्ही जा." "आसं कसं जाऊ?" असं म्हणून त्यांनी पानटपरीवरची दोन माणसं हाकारली आणि तिघांनी मिळून माझी चालू गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. मी त्यांना भूतानबद्दल सांगणार होतो, पण ते "जरा बॅटरी बघून घ्या" असं सांगून निघून गेले.

आणि मग दोर्जीचा फोन आला.

"अंकल, माँ को मरने से पहले अजंता देखना है. आप बोले थे ना, सीधा घर आना?"

इथे आमच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्या कॉलनीत नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं तो दिवस सण असतो. त्या दिवशी कुणी लग्नाला जात नाही, दवाखान्यात जात नाही, शक्यतो मरतही नाही. मोटर लावून टाकी भरायची, मग ड्रम, घागरी, बादल्या, शेवटी कुकरसुद्धा. माणसं एकमेकांना 'जेवलात का' विचारत नाहीत, 'भरलं का' विचारतात. प्रत्येकाच्या अंगणात निळ्या ड्रमांची रांग असते. पाहुण्याला घराचा पत्ता सांगताना 'पाच ड्रमवालं घर' अशी खूण सांगता येते.

सुमन म्हणाली, "खरं सांगून टाका. पाहुणाच हाय, समजून घेईल."

"खरं? मी तिथे चोवीस तास सांगून आलोय!"

"मग बसा आता चोवीस तास नळापाशी."

पण मी हार मानणाऱ्यातला नव्हतो. (असतो तर बरं झालं असतं.) पाहुणे यायच्या सकाळी मी ड्रममधलं सगळं पाणी मोटरने वरच्या टाकीत चढवलं आणि रिकामे ड्रम हमीदभाईंच्या शेडमध्ये नेऊन लपवले. हिशेब सोपा होता. दुसऱ्या दिवशी आमचा पाण्याचा दिवस. आजचा दिवस टाकीवर निघेल, उद्या पुन्हा भरेल, आणि अंगण कसं एकदम युरोप!

दुपारी पाहुणे आले. दोर्जीची आई लहानखुरी, पायघोळ रेशमी पोशाखातली, हातात जपमाळ, तोंडभर हसू. बुद्धाची लेणी बघायला इतक्या लांबून म्हातारी बाई आली म्हणून वाघमारेताई फुलं घेऊन भेटायला आल्या. दोघींना एकमेकींचा एकही शब्द कळत नव्हता, आणि दोघी दहा मिनिटं एकमेकींचे हात धरून बोलत बसल्या. सगळं इतकं छान चाललं होतं! तेवढ्यात चहाचा कप ठेवत दोर्जीने सहज विचारलं,

"अंकल, पानी सचमुच चौबीस घंटे आता है?"

त्याच्या आवाजात शंका होती की नुसतं कौतुक, देव जाणे. मी उठलो. नळाला पाईप लावला आणि गाडी धुवायला घेतली.

भर दुपारी. पाईपने. आमच्या कॉलनीत!

आधी टप धुतला, मग काचा, मग चाकं. हळूहळू समोरच्या गॅलरीत माणसं जमली.  मिरवणुकीत हत्ती जाताना बघावा तशी सगळी बघत होती. तुळशीला वाटीने मोजून पाणी घालणारा मी, चाकाच्या खोबणीत पाण्याची धार धरून उभा होतो! हमीदभाई कुंपणापाशी आले.

"सर... तबीयत तो ठीक है ना?"

"रोज का है!" मी दोर्जीला ऐकू जाईल असं ओरडलो आणि जोशात समोरचा रस्ताही धुऊन काढला. सुमन दारात उभी होती. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी वैजापूरला नकाशात हिमालय दक्षिणेला काढणाऱ्या पोरालाही दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर संदेश आला: मोठी जलवाहिनी फुटली, आज पाणी नाही. मी तो वाचला, मोबाईल पालथा ठेवला आणि भूतानी शांतता धारण केली. त्याच वेळी दोर्जीची आई अंघोळीला गेली होती. नवी साडी नेसून सुमन अजिंठ्याच्या डब्यासाठी दशम्या लाटत होती. गाडी दारात चकाचक उभी होती.

न्हाणीघरातून आधी नळाचा एक लांब उसासा आला. मग फुस्स. मग म्हातारीची हाक.

दोर्जी दाराशी जाऊन आला. "अंकल, माँ के सर में साबुन है. आँख नहीं खुल रही. पानी बंद हो गया."

मी स्वयंपाकघरातला नळ सोडला. एक थेंब पडला आणि तोही जड मनाने. दोर्जी माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण मी वळलो आणि दोर्जीला ऐकू जाईल, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो,

"काय हे सुमन! मोटर लावायची विसरलीस ना?" आणि दोर्जीला, "आंटी भूल गई. उमर हो गई है."

सुमनचं लाटणं थांबलं. मला वाटलं, आता माझा भूगोल संपला. पण तिने हात पुसले, दाराबाहेर गेली आणि एकच हाक मारली.

"ताईऽऽ! पाहुणीच्या डोक्यात साबण हाय वो!"

आणि कॉलनी धावली. वाघमारेताई दोन्ही हातात दोन कळश्या घेऊन आल्या. हमीदभाईंच्या घरून बादली आली, मागून कुकर आला, कुणाची तरी शाळेची बाटलीसुद्धा आली. त्यांच्याकडेही आज पाणी आलं नव्हतं, पुढे कधी येईल ते ठाऊक नव्हतं, आणि तरी जो तो आपल्या घरचं साठवलेलं पाणी आमच्या न्हाणीघराच्या दाराशी ठेवत होता. मी मध्येच उभा राहून 'इकडून, इकडून' असं वाहतूक नियंत्रण करत होतो. तेवढंच काम उरलं होतं. सगळ्यात शेवटी हमीदभाई एक निळा ड्रम गडगडत घेऊन आले.

"सर, आपका ड्रम. आधा भर दिया. बाकी के चार शेड में हैं, वो भी लाऊँ?"

दोर्जीने ड्रमकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तो पोट धरून हसायलाच लागला.

"अंकल! हमारे घर में भी पानी सुबह-शाम ही आता है. माँ बाल्टी भर के रखती है. टूरिस्ट को कौन बताता है?"

"और... वो खुशी? जो सरकार नापती है?"

"नापती है ना अंकल. मेरे भाई की नापने आए, तब तक वो ऑस्ट्रेलिया चला गया था."

एवढ्यात त्याची आई डोक्याला टॉवेल गुंडाळून, लाल डोळ्यांनी हसत बाहेर आली. दारातली गर्दी बघून तिने काहीतरी विचारलं. दोर्जीने हिंदी केलं, "माँ पूछ रही है, ये सब आपके रिश्तेदार हैं?"

"नहीं," मी म्हणालो, "पड़ोसी." आयुष्यात पहिल्यांदा आपल्या देशाबद्दल मी काही न वाढवता बोललो.

मग हमीदभाईंना गाडी चालवायला घेऊन सगळी अजिंठ्याला निघाली. वाघमारेताईंना म्हातारीने हाताला धरून गाडीत बसवलं, त्यामुळे मला जागा उरली नाही. (मागे डिकीत दशम्यांचा डबा बसला होता.) गाडी सुरू झाल्यावर सुमनने काच खाली केली. "पाणी आलंच तर मोटर लावा. विसरू नका." मी दिवसभर कोरड्या नळापाशी बसून राहिलो.

खरं तर तेव्हाच सगळ्यांना सांगायला हवं होतं. पण लोकांनी विचारलं आणि मी पुन्हा मोटरचीच गोष्ट सांगितली. मग ती रुळली. लग्नाकार्यात भाचे मुद्दाम विचारतात, "मामी, मोटर लावली का?" आणि सगळे हसतात. सुमन नुसती हसते. तिचं ते हसणं मला इतकी वर्षं टोचत आलं. ती आता दर रविवारी दोर्जीच्या आईशी व्हिडिओवर बोलते. भाषा येत नाही, म्हणून दोघी एकमेकींना भाज्या दाखवतात.

काल मी हे सगळं लिहून तिला वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "सुमन, तुझ्यावरचा आळ मी आज पुसतोय. आता खरं सगळ्यांना कळेल."

"कळायचं काय त्यात? सगळ्यांना म्हाईत हाय."

"कुणाला?"

"कॉलनीला, भाच्यांना, दोर्जीच्या आईला. तुम्ही भर दुपारी गाडी धुतली, अंधारात का? शिवाय त्या दिवशी पाणीच आलं नव्हतं. मी मोटर लावून काय वर चढवणार होते, हवा?"

 "मग भाचे तुला मोटर लावली का म्हणून चिडवतात, ते?"

"मला नाय चिडवत. माझ्याकडं बघून इचारतात अन् तुमचं तोंड बघतात."

"मग इतकी वर्षं मला कुणीच कसं बोललं नाही?"

सुमनने एक वाटाणा तोंडात टाकला. "तुम्हीच सांगितलं ना, भूतानात कुणी कुणाचं मन दुखवत नाय. म्हणलं, एका माणसापुरतं तरी पाळावं."

म्हणजे इतकी वर्षं सगळ्या कॉलनीने मिळून माझ्यासाठी घरातच भूतान चालवलं होतं, आणि मी त्यात शांतपणे फिरत होतो. दोर्जी बरोबर म्हणाला होता. टुरिस्टला कोण सांगतं!