चोक ओढल्यावरचा अंगठा

पहाटे पाचला गजर वाजतो, मी तो बंद करते आणि उठते आहे असं मला वाटतं. पाय गोधडीतच असतात. चिखलदऱ्याची पौषातली थंडी खिडकीच्या फटीतून नाकाला लागते. तेवढ्यात बाहेर कुणीतरी शेडचं पत्र्याचं दार सरकवतं. सरकवण्याआधी ते एकदा वर उचलायचं, ही रीत एकाच माणसाची होती.

बाबा गाडीपाशी उकिडवे बसलेत. कानाला मफलर. दोन महिन्यांपूर्वी ते गेले हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक असावं. आम्ही तो विषय काढत नाही.

"काऊन व, सुरू नाही झाली?"

मी सांगते. पठारावर पर्यटकांना फिरवायच्या त्यांच्या चारही एटीव्ही, जाड चाकांच्या त्या उघड्या गाड्या, तशाच उभ्या आहेत. काल सकाळी बाबांच्या धाकट्या भावासमोर, म्हणजे पंजाबकाकांसमोर, मी एकेकीला सेल्फ मारून पाहिला. खोकल्या आणि गप्प झाल्या. काका वाईट नाहीत. म्हणाले, कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून इथे येतेस, ये बापा, पण असल्या गारठ्यात एक तरी गाडी स्वतःच्या हाताने सुरू करून दाखव. नाहीतर उद्या सातला परतवाड्याहून ट्रक येईल, चारही घेऊन जाईल.

"देऊन टाक," बाबा म्हणतात. "लोखंडच आहे."

"नाही देणार."

"तुले येत नाही ते."

"तुम्ही येऊ दिलं नाही."

मग अमरावतीच्या माझ्या ग्रंथालयात दोन मांडण्यांच्या मधोमध गाडी उभी आहे. मुलं वाचताहेत, त्यांच्या तोंडातून वाफ निघते आहे. बाबा कार्डांचा खण ओढतात, त्यातून स्पार्क प्लग काढतात, त्यावर फुंकर मारतात. पुस्तकात वाचून काय काय केलंस, ते विचारतात. मी एकेक सांगते. हिवाळ्याचं पातळ ऑइल भरलं. बॅटरी पुरती चार्ज केली. प्लग पुसून चुलीपाशी शेकवला, पेट्रोल ताजं घातलं. ते मान खाली घालून ऐकतात. माझं प्रगतिपुस्तकही ते असंच ऐकायचे, आईला मोठ्यानं वाचायला लावून.

सगळं बरोबर आहे, म्हणतात. मग प्लग खणात परत ठेवतात, आणि मला राग येतो. आजवर ठेवलेल्या प्रत्येक गड्याला त्यांनी इंजिन उघडून दाखवलं. मी चहा घेऊन शेडमध्ये गेले की मात्र वर केलेली सीट खाली करायचे, कपबशी तिच्यावर ठेवायचे आणि गार होईपर्यंत हवापाण्याचं बोलायचे. हे सगळं मी त्यांना ऐकवते. ग्रंथालयात आवाज चढवायचा नसतो, मी चढवते.

"शिकली असती तर इथंच राह्यली असती," बाबा म्हणतात. "मले तू खाली अमरावतीत पाहिजे होती. पुस्तकांत."

"पंधरा वर्षं होते की खाली. आता वर आले. मी तुम्हाला विचारत नाहीये बाबा, सांगते आहे."

समोरचा एक मुलगा ओठांवर बोट ठेवतो. बाबा बिनआवाजाचं हसतात. हे हसू नेहमी खोकल्यात संपायचं. खोकला येत नाही.

हॉस्पिटलच्या वॉर्डात, बाबांच्या शेवटच्या खाटेच्या जागी गाडी आहे. बाबा तिच्यावर बसलेत, पाय अनवाणी, आणि फरशीवर पठारासारखं गवत उगवलंय, पातीपातीवर दव गोठलेलं. ते खाली उतरून मला जागा देतात. मी बसते. डाव्या हाताने चोक ओढते, डाव्याच अंगठ्याने सेल्फ दाबते. इंजिन खोकतं, आणि माझा उजवा अंगठा आपसूक रेसच्या खटक्यावर जातो.

इंजिन बंद पडतं.

"तिथंच," बाबा म्हणतात. "तिथंच मारते तू तिले."

मग ते सांगतात. गड्यांना सांगायचे तसं, एकदाच. थंडीत इंजिनाला दाट घोट लागतो, चोक तो पाजतो. रेस दिली की हवा आत घुसते आणि घोट पातळ होतो. खाली अमरावतीत तुमच्या स्कूट्या रेस दिल्याशिवाय उठत नाहीत, म्हणून खालून येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला ही खोड असते.

"माझा हात ऐकत नाही," मी म्हणते. हे कबूल करणं सोपं जात नाही.

ते माझ्या ओढणीची कड फाडतात. उजवा अंगठा तळव्याशी दुमडून वरून पट्टी गुंडाळतात, मनगटाच्या मागे गाठ मारतात. हात गार आहेत, पण शेवटच्या दिवसांत सुटलेला कंप त्यात नाही.

"दोन मिनिटं चोकवर राहू दे. आवाज एकसारखा झाला की मंग चोक आत ढकल."

"बरं."

"गाड्या ठेव, असं म्हटलं नाही मी."

"मीही विचारलं नाही."

ते मफलर सोडून पुन्हा बांधतात, आणि कापडामागून काय बोलतात ते मला कळत नाही.

खिडकीत उजाडलंय. सव्वासहा. मी गोधडी सारते, तर उजव्या हाताला अंगठा सापडत नाही. तो तळव्याशी दुमडलेला आहे, वरून ओढणीची फाटकी कड, गाठ मनगटाच्या मागे, घट्ट. माझ्या डाव्या हाताला साधी नाडी बांधता येत नाही.

मी गाठ सोडत नाही. शेडमध्ये जाते, पहिल्याच गाडीवर बसते, डाव्या हाताने चोक, डाव्या हाताने सेल्फ. खोकते. उजवा हात उसळतो आणि कापडात अडकून राहतो. पुन्हा सेल्फ. ती धडपडते, गचके खाते, सुरू होते. मी मोजत नाही, नुसती बसून राहते, आवाज एकसारखा होईपर्यंत. मग चोक आत, आणि ती गाडी चालूच ठेवून दुसरी.

चौथी चालू होते तेव्हा फाटकापाशी ट्रक वळतो. पंजाबकाका केबिनमधून उतरतात आणि तिथेच थांबतात. मी शेडच्या दारात येते आणि ट्रकवाल्याला उजव्या हातानेच खूण करते, परत जा. त्याला चारच बोटं दिसतात.